घोडी कुठं बांधावी?

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतून वरातीसाठी घोडी आणली आहे. सध्या बैलांच्या गोठ्यात, दावणीलाच बांधतो. वर पत्रे, खाली काळी माती. पूर्वी लहान शेतकरी घोडं कुठं बांधायचे?
– एक वाचक, ता. लोहा, जि. नांदेड

उत्तर : दादा, आधी तिला दावणीतून काढा. एक तर शेजारी बैलांची शिंगं, आणि घोडी बिथरली तर लाथ बैलालाच बसणार.

पाटलांच्या वाड्यात घोडं ढाळजेत, म्हणजे दरवाजाजवळच्या ओसरीत असायचं. आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्याकडं कुठली ढाळज! आजोबांची घोडी होती, जिंतूरच्या बाजाराला जायला. तिचं ठाण, म्हणजे बांधायची जागा, गोठ्याच्या भिंतीला लागून काढलेल्या उतरत्या छपरात. पश्चिमेला तुराट्यांचा, शेणामातीनं लिंपलेला कूड. पूर्व बाजू मोकळी. भिंती तेवढ्याच.

एका पावसाळ्यात छप्पर बसलं आणि घोडी दोन महिने बैलांत राहिली. काळ्या मातीत मूत मुरून चिखल झाला. टापेच्या मधला मऊ भाग काळा पडून घाण वास यायला लागला, पोळ्यापर्यंत ती लंगडायलाही लागली. मग आजोबांनी दोन गाड्या मुरूम आणला, पाणी मारून धुमसानं ठोकला, मागच्या अंगाला उतार काढला. रोज संध्याकाळी टापा कोरून काढायचं काम माझ्याकडं. (लाथ एकदाच खाल्ली, तीही माझ्याच चुकीनं.)

घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पण गाढ झोपायला त्याला आडवं व्हावं लागतं. म्हणून 10 बाय 10 फूट तरी जागा ठेवा. दोर एवढाच लांब, की तिला आडवं होता येईल पण पाय अडकणार नाही. जुने लोक अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचा दोर आणि मागच्या पायांचा दोर, दोन्ही लावत. पिछाडी मला तेव्हाही आवडत नसे.

पत्र्यावर उन्हाळ्यात कडबा किंवा पऱ्हाट्या अंथरा. चंदी, म्हणजे घोड्याचं धान्य, तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या पिशवीतून), थोडी थोडी, दिवसातून दोन-तीनदा. घोड्याला उलटी होत नाही. ज्वारीच्या पोत्यात एकदा तोंड गेलं की पोटदुखीनं जिवावर बेततं. म्हणून धान्याची खोली ठाणाला लागून नको.

मुरूम मात्र मृगाच्या आधी टाका. एकदा पाऊस लागला, की तुमच्या काळ्या रानातून गाडी बाहेर निघायची नाही.