काउबॉय गाण्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास खरंच कळतो का?

तुम्ही विचारलंय, की काउबॉयची गाणी आणि कविता हे सिनेमानं रंगवलेलं रम्य प्रकरण आहे, की त्यांतून अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा काही इतिहासही हाती लागतो. नोकरीनिमित्त मी काही वर्षं टेक्ससात, ऑस्टिनला राहिलो. तिथून सॅन अँटोनिओकडे जाणारा हमरस्ता बराचसा जुन्या चिझम ट्रेलच्या अंगाअंगानं जातो. लाखो गुरं ज्या वाटेनं उत्तरेला हाकली गेली, ती ही वाट. या रस्त्यावर गाडी चालवताना ही गाणी ऐकायची सवय लागली आणि मग त्यांच्यामागे वाचतही गेलो. माझं उत्तर असं, की इतिहास नक्की कळतो. पण प्रत्येक गाण्याला दोन प्रश्न विचारावे लागतात: हे कोण गात होतं, आणि ते कागदावर कुणी उतरवलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससच्या माळांवर लांब शिंगांची अर्धवट रानटी गुरं लाखांनी मोकाट फिरत होती. तिथं चारेक डॉलरला मिळणाऱ्या बैलाला उत्तरेकडच्या शहरांत दहापट भाव येई. मधे रेल्वे नव्हती. 1867 मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्यानं कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी, रेल्वेच्या कडेला, गुरांचे कोंडवाडे उभारले. टेक्ससपासून तिथपर्यंत कळप पायी हाकत न्यायचे आणि डब्यांत भरायचे. पहिल्याच वर्षी पस्तीसेक हजार गुरं गेली. 1885 च्या सुमारास हा सगळा खेळ आटोपला. जोसेफ ग्लिडनच्या 1874 सालच्या पेटंटची काटेरी तार माळामाळांवर ताणली गेली, टेक्ससच्या गुरांबरोबर येणाऱ्या गोचीड-तापाच्या भीतीनं कॅन्ससनं दारं बंद केली, आणि रेल्वे टेक्ससातच येऊन पोचली. म्हणजे ज्या काळाची गाणी जग दीडशे वर्षं गातंय, तो काळ पुरा वीस वर्षांचाही नव्हता.

आता गाणं यात आलं कुठून? कामातून. दोन-तीन हजार गुरांचा कळप, त्यामागे दहाबारा घोडेस्वार, एक म्होरक्या, शिध्याची गाडी आणि स्वयंपाकी. दिवसाला दहा-पंधरा मैल चाल. रात्री कळप माळावर बसवायचा आणि दोघांनी पहारा द्यायचा. दोघं घोड्यावरून कळपाभोवती उलटसुलट दिशेनं गोल फिरत, साधारण दोन दोन तास. ही गुरं रात्री भलतीच बुजरी. काडी ओढल्याचा आवाज, एखादा खोकला, लांबची वीज, एवढं पुरे. सगळा कळप एका क्षणात उठून उधळायचा. म्हणून पहारेकरी सतत हलक्या आवाजात काहीतरी गात राहायचे. आवाज सलग येत राहिला की गुरांना कळे, तो माणूस आहे आणि तो तिकडून इकडे येतोय. दचकायचं कारण उरत नसे. गाणं संथ हवं, घोड्याच्या सावकाश चालीत बसणारं हवं. प्रार्थनागीतं चालत, आजीनं म्हटलेली आयरिश गाणी चालत, आणि शब्द संपले की मनाचे जोडले जात.

ही गाणी म्हणजे पोवाडे नव्हेत. पोवाड्याला पराक्रम लागतो, शाहीर लागतो, ऐकायला सभा लागते. इथं ऐकणारी गुरं आणि गाणारा पेंगुळलेला पोरगा. आपल्या जात्यावरच्या ओवीशी या गाण्यांचं नातं मला जास्त जवळचं वाटतं. दोन्ही कामाच्या चालीवर बांधलेली.

म्हणूनच ती मजुरीबद्दल इतकी खरं बोलतात. ‘द ओल्ड चिझम ट्रेल’ या गाण्याला शेकडो कडवी आहेत. ज्याला जे सुचलं ते त्यानं घातलं. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं: वाट संपल्यावर गडी मालकाकडे पगार घ्यायला जातो, तर मालकाच्या हिशेबात उलट त्याच्याच अंगावर नऊ डॉलर निघतात. महिना तीस-चाळीस डॉलर मजुरी, त्यातून उचल कापायची, आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. 1883 मध्ये टेक्ससच्या उत्तर टोकाला काउबॉयांनी पन्नास डॉलर मागत संप केला होता. तो मोडून पडला. सिनेमातल्या काउबॉयला कुणी संप करताना पाहिलंय का? गाण्यातल्या गड्याला मात्र पैशांची आठवण सतत आहे.

याहून कडवट गाणं रानरेडे मारणाऱ्यांचं. तिथं ज्यांना बफेलो म्हणतात त्या बायसनच्या कातड्यांसाठी टेक्ससमधल्या जॅक्सबरो गावाहून 1873 मध्ये माणसं नेली जातात. पाणी खारट, उवा-पिसवांनी जीव हैराण, आणि हंगाम संपल्यावर ठेकेदार म्हणतो, तुमची खर्चीच जास्त झाली, पैसे निघत नाहीत. शेवटी माणसं त्याला मारून टाकतात आणि त्याची हाडं माळावर वाळत पडतात. तो खून खरोखर घडला असेल-नसेल, पण ज्या व्यवहारातून असा राग जन्मतो तो व्यवहार खरा होता. कोट्यवधींच्या संख्येतला हा प्राणी 1880 चं दशक संपताना जेमतेम हजारभर उरला होता, हेही खरं. त्या कत्तलीचा हिशेब पुस्तकांत मिळतो. ती करणाऱ्या हातांना काय मिळालं ते या गाण्यात मिळतं.

आता कागदावर उतरवणाऱ्यांकडे येऊ. जॅक थॉर्प हा मूळचा न्यूयॉर्कचा, पण न्यू मेक्सिकोत गुरं हाकण्यात रमलेला माणूस. 1889 पासून तो छावण्याछावण्यांतून गाणी टिपत हिंडला, आणि 1908 मध्ये एस्टान्सिया या छोट्या गावी त्यानं तेवीस गाण्यांचं बारकं पुस्तक छापून घेतलं. काउबॉय गाण्यांचा हा पहिला संग्रह. त्यात त्याचं स्वतःचं एक गाणं होतं, 1898 मध्ये कळपाबरोबर असतानाच लिहिलेलं. सावत्र आईच्या माराला कंटाळून पळालेला लहानगा ज्यो छावणीत येतो. म्होरक्या त्याला घोडे राखायचं काम देतो. वादळी रात्री कळप उधळतो, पोर घोडा दौडवत पुढे जातं, आणि सकाळी खोल घळीत घोड्याखाली सापडतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. अशी पोरं त्या वाटांवर खरोखर होती. कामाला ठेवताना जन्मतारीख कुणी विचारत नसे.

दोनच वर्षांनी, 1910 मध्ये, जॉन लोमॅक्स या टेक्ससच्या अभ्यासकानं काउबॉय गाण्यांचा मोठा संग्रह काढला. त्याला माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचं पत्र जोडलेलं. त्यात हेच गाणं लोकगीत म्हणून आलं, थॉर्पचं नाव न घेता. ज्याचा कवी जिवंत होता, ते गाणं दोन वर्षांत ‘परंपरागत’ झालं. तेव्हा ‘हे लोकांतून आपोआप उगवलंय’ असं कुणी सांगितलं की थोडं थांबावं, असं मला वाटतं. माळावर एकटं पुरू नका म्हणून विनवणाऱ्या मरणोन्मुख काउबॉयचं गाणं घ्या. ते 1839 च्या एका कवितेवरून आलंय, आणि त्या कवितेतला मरणारा खलाशी समुद्रात पुरू नका म्हणतो. समुद्राच्या जागी माळ आला, लाटांच्या जागी कोल्हे आले, आणि गाणं पश्चिमेचं झालं. गाणारे खोटं बोलत नव्हते. आपलं मरण सांगायला त्यांनी हाताशी असलेली चाल उचलली, इतकंच.

‘होम ऑन द रेंज’ हे तर सगळ्यांत प्रसिद्ध, आज कॅन्ससचं राज्यगीत. ते काउबॉयनं लिहिलेलंच नाही. ब्रूस्टर हिगली हा डॉक्टर 1871 मध्ये कॅन्ससमधल्या स्मिथ परगण्यात सरकारी जमिनीवर वसायला आला. त्या काळच्या कायद्यानं वसाहतकऱ्याला 160 एकर मिळत. ओढ्याकाठच्या झोपडीत त्यानं ही कविता लिहिली आणि डॅनियल केली या ओळखीच्या माणसानं चाल लावली. म्हणजे कुंपण घालणाऱ्याचं गाणं, ज्यांची वाट त्या कुंपणानं अडवली त्यांच्या तोंडी गेलं. लोमॅक्सच्या सांगण्यानुसार त्याला ते 1908 मध्ये सॅन अँटोनिओत एका कृष्णवर्णीय गुत्तेवाल्यानं गाऊन दाखवलं. तो पूर्वी कळपांबरोबर स्वयंपाकी म्हणून गेला होता. डॉक्टराच्या झोपडीतून स्वयंपाक्याच्या गाडीवर, तिथून मेणाच्या नळीवरच्या ध्वनिमुद्रणात. पुढे रेडिओवर ते इतकं गाजलं, की 1934 मध्ये ॲरिझोनातल्या एका जोडप्यानं गाणं आमचं म्हणून पाच लाख डॉलरचा दावा लावला. तेव्हा वकिलाला कॅन्ससात हिंडून, आम्ही हे 1870 च्या दशकात गात होतो असं सांगणारी म्हातारी माणसं शोधावी लागली. एका गाण्याचं मूळ शोधायला इतका खटाटोप क्वचितच झाला असेल.

याच गाण्याच्या जुन्या छापील पाठात एक कडवं आहे: लाल माणसाला (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशाला) या भागातून रेटून काढलं, तो आता परतेलसं दिसत नाही. गाताना ते बहुतेक वेळा गळतं. चिझम ट्रेलचा मोठा भाग इंडियन टेरिटरीतून, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातून जायचा. तिथले चॉक्टॉ, चिकासॉ या मूळ रहिवासी जमातींचे लोक आपल्या गवताबद्दल कळपवाल्यांकडे दर जनावरामागे दहा सेंट मागत. ती त्यांची जमीन होती, मागणं रास्त होतं. आणि ज्या जेसी चिझमचं नाव वाटेला आहे तोही अर्धा चेरोकी व्यापारी. काउबॉय गाण्यांत हे लोक आले तर धोका म्हणून येतात, नाहीतर येतच नाहीत. ती बाजू या गाण्यांत शोधू नका. ती त्यांच्याच गाण्यांत आणि कहाण्यांत आहे.

दुसरी एक बाजू मात्र गाण्यांतच सापडते, फक्त भाषा बदलावी लागते. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठी स्पॅनिशमध्ये ‘कोरिदो’ म्हणतात, म्हणजे घडलेली हकीकत सांगणारं कथागीत. मुळात काउबॉयचं बरंचसं काम, आणि लासो, रोडिओ, रँच, कोराल हे शब्दसुद्धा, मेक्सिकन ‘वाकेरो’कडून, म्हणजे घोडेस्वार गुराख्याकडून, आलेले. कॅन्ससला कळप नेण्यावरचा कोरिदो त्याच काळातला आहे. त्यात पाचशे बैल तीस अमेरिकनांना आवरत नाहीत. मग पाच मेक्सिकन येतात आणि पाव तासाच्या आत सगळे बैल कोंडवाड्यात घालतात. गाणाऱ्याचा अभिमान उघड आहे, आकडे त्यानं फुगवलेही असतील. पण कौशल्य कुणाचं आणि नाव कुणाचं, ही सल त्या काळीही होती, याचा तो पुरावा आहे.

आणि दुसरा कोरिदो ग्रेगोरिओ कोर्तेझचा. 12 जून 1901, टेक्ससचा कार्न्स परगणा. शेरीफ घोडाचोरीच्या तपासात कोर्तेझच्या घरी आला. दुभाषानं विचारलं, इतक्यात घोडा दिलास का कुणाला? कोर्तेझ म्हणाला, नाही. खरंच होतं, त्यानं घोडी दिली होती. स्पॅनिशमध्ये दोन्हींना अगदी वेगळे शब्द. दुभाषाला फरक कळला नाही, शेरीफला वाटलं हा खोटं बोलतोय. गोळ्या चालल्या, कोर्तेझचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला. पुढचे दहा दिवस शेकडो माणसं कोर्तेझच्या मागावर होती. तो पायी शंभरावर मैल चालला, घोड्यावर चारशेवर मैल गेला, आणि अखेर लारेडोजवळ पकडला गेला. 1913 मध्ये गव्हर्नरनं त्याला माफी दिली. इंग्रजी वर्तमानपत्रांना तो दरोडेखोर होता. कोरिदोत तो हक्कासाठी पिस्तूल उचलणारा साधा माणूस आहे. अमेरिको पारेदेस या सरहद्दीवरच जन्मलेल्या अभ्यासकानं हे गाणं, दंतकथा आणि न्यायालयाचे कागद शेजारी शेजारी ठेवून 1958 मध्ये ‘विथ हिज पिस्टल इन हिज हँड’ हे पुस्तक लिहिलं. गाण्यातून इतिहास कसा वाचायचा हे मला कुणी शिकवलं असेल तर पारेदेसनं.

कवितांबद्दल थोडक्यात. काउबॉय कविता म्हणून आज जे वाचतात त्यातलं बरंच काळ सरल्यावर लिहिलेलं आहे. ब्रूस किस्काडन तरुणपणी गुरांमागे राहिलेला. त्याच्या बऱ्याच कविता त्यानं लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात सामान उचलायची नोकरी करत लिहिल्या. त्यांत हुरहूर आहे, पण खोगिराचा पट्टा कसा आवळायचा याची चूक नाही. हातानं केलेलं काम स्मरणात फारसं बदलत नसावं. ही परंपरा आजही चालू आहे. नेवाडातल्या एल्को गावी 1985 पासून ऐन हिवाळ्यात, रानातली कामं कमी असताना, कवितावाचनाचा मेळा भरतो आणि गुरं पाळणारी माणसं आपल्या कविता तोंडपाठ म्हणतात.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ‘गुडबाय ओल्ड पेंट’पासून करा. जेस मॉरिस या टेक्ससच्या फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्याकडून लोमॅक्सनं ते 1942 मध्ये ध्वनिमुद्रित केलं. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयात ते जपलंय. निरोपाचं गाणं आहे, घोड्याशी बोललेलं, आणि फिडलचा सूर मधूनच घोड्यासारखा हिसका देतो. मॉरिसनं लोमॅक्सला पत्रातून कळवलं होतं, की हे गाणं मला चार्लीनं शिकवलं. चार्ली विलिस जन्मानं गुलाम, नंतर टेक्ससहून वायोमिंगपर्यंत कळप नेणारा काउबॉय, मॉरिसच्या वडिलांकडे कामाला. 1885 मध्ये त्यानं सात वर्षांच्या जेसला मोर्चंग, म्हणजे दातांत धरून वाजवायचं छोटं वाद्य, वाजवायला शिकवलं, आणि जेस त्यावर पहिल्यांदा हीच चाल वाजवायला शिकला.