गाठ छोटी, तरी कॅन्सर पसरला कसा?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या मायला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गाठ दोन सेंटिमीटरचीपण नव्हती तरी लिव्हरमध्ये गेला, आणि गल्लीतल्या काकूंची गाठ केवढी मोठी, ती जागची हलली नाही. सगळे म्हणता सुई टाकून तपासलं म्हणून पसरला. कॅन्सर पसरू न देणारे जीन असतात असं वाचलं, त्याची टेस्ट, औषध काही आहे का? - एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, पहिले ते सुईचं डोक्यातून काढा. मायला तपासणीला नेलं ते बरोबरच केलं, सुईमुळे कॅन्सर लिव्हरमध्ये जात नाही.

गाठ वाढणं वेगळं आणि पसरणं वेगळं. पसरायला पेशी गाठीतून सुटावी लागते, रक्तात शिरून जगावी लागते, मग दुसऱ्या अवयवात जाऊन तिथे वाढावी लागते, आणि बहुतेक पेशी वाटेतच मरतात. तुम्ही वाचलेले जीन यातलाच एखादा टप्पा अडवतात, मूळ गाठ मात्र वाढत राहू शकते. पहिला असा जीन एनएम23, 1988 साली अमेरिकेत पॅट्रिशिया स्टीग यांच्या टीमला उंदरांच्या मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, सापडला, जास्त पसरणाऱ्या पेशींत तो मंदावलेला होता. पुढे किस1 सापडला, त्याचं तर मला फार नवल वाटतं, प्रयोगात किस1 चालू असलेल्या पेशी उंदराच्या फुफ्फुसापर्यंत पोचल्या पण तिथे नुसत्या पडून राहिल्या, गाठ धरलीच नाही. कपाशीचं बी पडलं म्हणजे उगवलंच असं थोडीच असतं, जमीन मानवावी लागते, हेच स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने ब्रेस्ट कॅन्सरबद्दल 1889 मध्येच लिहून ठेवलंय.

आणि हे जीन बऱ्याचदा बिघडलेले नसतात, नुसते बंद पडलेले असतात. म्हणून ते परत चालू करायचे प्रयत्न झाले, एनएम23 साठी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे जुनं हार्मोनचं औषध पेशंटना देऊनपण पाहिलं, पण रोजच्या उपचारात वापरावं असं हाती लागलं नाही. तेव्हा या जीनच्या नावाने कोणी महागडी टेस्ट किंवा पावडर विकत असेल तर एक रुपया देऊ नका, मी हे कळकळीने सांगतोय.

मायच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रोटीन जास्त आहे का) हे तीन रिझल्ट बघा, औषध त्यावरून ठरतं. नसतील तर पुढच्या व्हिजिटलाच डॉक्टरांना विचारा, आणि खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्या.