घरी एक, ऑफिसात दुसरी, मैत्रिणींत तिसरी: यातली खरी मी कोणती?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस, घरी आज्ञाधारक, ऑफिसात तडफदार, मैत्रिणींत वात्रट, आणि रात्री दिवा मालवला की प्रश्न पडतो, यातली खरी कोण? वर असंही म्हणता की ‘स्वतःला ओळखा’ हे जो तो सांगतो, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते कुणीच सांगत नाही. ही तक्रार अगदी रास्त आहे. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो, वय सत्तेचाळीस. पण हाच घोळ मी वीसेक वर्षं घातलाय, म्हणून लिहितो. लांबेल जरा.

माझं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असा भाग. कापूस, तूर, हरभरा, आणि बोली वऱ्हाडी. आमच्या तोंडी ‘ळ’ नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, केळी ती केयी. गावात माझी ओळख म्हणजे नकला करणारं पोट्टं. तलाठी चष्मा कपाळावर चढवून सातबारा कसा शोधतो, लग्नात रुसलेला जावई ताटावरून कसा उठतो आणि कुणी अडवत नाही म्हटल्यावर परत कसा बसतो, हे मी केलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पारावर बसलेले म्हातारे मला हाक मारून बसवून घ्यायचे. हे मुद्दाम सांगतोय. पुढे लागणार आहे.

१९९६ साली पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये विचारलं, “केयी हायेत का?” टेबल हसलं. पोरं वाईट नव्हती हो. त्यांना खरंच गंमत वाटली असणार. पण त्या रात्री मी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, आणि ‘ळ’चा अभ्यास सुरू केला. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची, सोडायची. बाथरूममध्ये नळ सोडून ‘काळा कावळा’ घोकायचो. महिनाभरात जमलंसुद्धा. इतकं जमलं की नको तिथेही ‘ळ’ यायला लागला. हॉस्टेलला दोन दिवस पाणी नव्हतं तेव्हा मी चार मुलांना घेऊन रेक्टरांकडे गेलो आणि ठसक्यात म्हणालो, “सर, मुलांची फार गैरसोळ होतेय.”

पुढची चार वर्षं माझं नाव ‘गैरसोळ’ होतं.

मग मी गप्प झालो. रुसून नाही, काळजीपोटी. प्रत्येक शब्द दारात अडवायचा, ‘ळ’ आणि ‘ण’ तपासायचे, मगच बाहेर सोडायचा. असा पहारा लावला की माहिती देता येते, हिशेब सांगता येतो, मुलाखतही पास होता येते. विनोद मात्र करता येत नाही. विनोदाची वेळ अर्ध्या सेकंदाची असते आणि माझा चौकीदार त्या अर्ध्या सेकंदात कागदपत्रं बघत असायचा.

गावाला जाताना-येताना महाराष्ट्र एक्स्प्रेस असायची. परतताना मूर्तिजापूरला बसलो की भुसावळ, मनमाडपर्यंत डब्यातल्या लोकांशी माझं वऱ्हाडी जोरात चालायचं. मनमाडहून गाडी नगरमार्गे दौंडला यायची. तिथे पुढचं इंजिन काढून मागच्या टोकाला जोडायचे, म्हणजे गाडीचं तोंड फिरायचं आणि ती पुण्याकडे निघायची. तेवढ्या वेळात मी फलाटावर उतरून चहा घ्यायचो, आणि चहा मागतानाच माझी भाषा बदललेली असायची. “एक चहा द्या, साखर कमी.” गाडीबरोबर माझंही तोंड तिथेच फिरायचं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की दौंडच्या अलीकडचा तो खरा मी आणि पलीकडचा तो नकली. तुमचा प्रश्न वाचताना हेच आठवलं. तुम्हीसुद्धा तिघींतली एक खरी आहे आणि बाकीच्या दोघी तोतया आहेत असं धरून चालला आहात.

२०१४ साली कंपनीत दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. असल्या कार्यक्रमांत मी जेवणाकडे लक्ष ठेवून बसतो. त्यांनी ‘जोहारी खिडकी’ नावाचा खेळ घेतला. मला वाटलं कुणी जोहरी आडनावाचा आपला माणूस असेल. तर ते जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ निघाले. १९५५ साली त्यांनी हे काढलं, आणि जो अधिक हॅरी म्हणून ‘जोहारी’. खेळ सोपा आहे. विशेषणांची एक यादी देतात. त्यातली पाच-सहा तुम्ही स्वतःसाठी निवडायची. तुम्हाला ओळखणारे लोक त्याच यादीतून तुमच्यासाठी निवडतात. मग चार खणांची खिडकी मांडायची: तुम्हालाही माहीत आणि लोकांनाही, लोकांनाच माहीत (हा आंधळा खण), तुम्हालाच माहीत (हा झाकलेला), आणि कुणालाच माहीत नाही.

मी स्वतःसाठी ‘विनोदी’वर खूण केली होती. डोकं न लावता, नाव लिहावं तशी. माझ्यासाठी सात सहकाऱ्यांनी निवड केली, त्यातले काही चार-चार वर्षं शेजारी बसणारे. ‘विनोदी’ एकानेही निवडलं नव्हतं. ‘शांत’ पाच जणांनी, ‘भरवशाचा’ सातही जणांनी, आणि तिघांनी ‘ताणलेला’. मी खुर्चीत बसून तो कागद बघत होतो. ज्याच्या नकलांवर अख्खा पार हसायचा तो माणूस या लोकांना कधी भेटलाच नव्हता. आणि ताण मी इतका छान लपवलाय असं मला वाटत होतं, तो मात्र तिघांना लख्ख दिसत होता. झाकलेल्या खणात काय आहे आणि आंधळ्या खणात काय, हे एका दुपारी कळलं. हा खेळ घरीही करता येतो, फुकट. फक्त माणसं अशी निवडा की जी तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी ओळखतात. एक घरातलं, दोन ऑफिसातले, दोन मैत्रिणी. कुणी काय निवडलं ते नावानिशी बघू नका, उगाच भांडणं होतात.

त्यानंतर मी जे केलं ते करू नका. मला एकदम ‘खरं’ व्हायचा झटका आला. सोमवारपासून ऑफिसात वऱ्हाडी बोलायला लागलो. “काय करून राह्यला बे?” वगैरे. लोकांना आवडलं, फारच आवडलं. पंधरा दिवसांत जेवणाच्या टेबलावर फर्माईश यायला लागली, “ते तुझं एकदा बोलून दाखव ना!” मालिकांतला वऱ्हाडी बोलणारा असतो तसा मी झालो, हमखास हसवणारा गडी. स्वतःच्या घरची भाषा मी नकलेसारखी वापरत होतो. त्यात थोडा अभिमानही मिसळला होता. वाचायला लागलो होतो ना. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत कोश आणि शाळेची पुस्तकं तयार झाली, तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली नमुना म्हणून धरली गेली, म्हणून ती ‘शुद्ध’. आणि मराठीतलं सुरुवातीचं मोठं गद्यलेखन तर तेराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला झालं. हे वाचून छाती फुगते. लाज जायला त्याचा उपयोगही होतो. पण लाजेच्या जागी फुगलेली छाती आली म्हणजे आपण स्वतःला ओळखलं, असं काही नसतं.

ओळख झाली ती एका दोनशे पानी वहीतून. डायरी लिहायचा मला कंटाळा आहे. ‘आज मन उदास होतं’ असं लिहिताना मी स्वतःलाच खोटा वाटतो. म्हणून मी फक्त गिळलेली वाक्यं लिहायचं ठरवलं. दिवसभरात जे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं, ते जसंच्या तसं, कुणासमोर ते, आणि त्याऐवजी काय बोललो ते. एका वाक्याला तीन ओळी. मत नाही, कारण नाही. महिनाभर केलं. एकोणचाळीस वाक्यं जमली.

माझी खात्री होती की सगळी ऑफिसातली निघणार, प्रमाण भाषेत गुदमरलेली. निम्मी तशी होती. पण बाकीची निम्मी गावाकडच्या फोनवरची होती. अस्सल वऱ्हाडीत बोलताना गिळलेली! धाकटा भाऊ सहा एकर कसतो, हिशेब दाखवत नाही. त्याला मी दर वेळी म्हणतो, “तू म्हणशील तसं.” वहीत हे वाक्य एका महिन्यात सात वेळा होतं. सातही वेळा गिळलेलं वाक्य एकच: “मले कागद दाखव.”

आणि मग आठवलं ते त्याहून जुनं. २००९ च्या मंदीत माझी नोकरी गेली होती. पाच महिने घरी होतो. माय दर रविवारी फोनवर विचारायची, “बरं हाये ना बापू? काम चालू हाये?” मी म्हणायचो, “मस्त चालू हाये.” एकदा ती म्हणाली, “काहून असा बोलून राह्यला?” तिला आवाजात काहीतरी लागलं होतं. मी म्हटलं, सर्दी. पाच महिने, न अडखळता, माझ्या सगळ्यात खऱ्या भाषेत, माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाशी मी खोटं बोललो होतो. म्हणजे दौंडच्या अलीकडे मी खरा होतो हे तर साफ कोसळलं. तिथेही पहारा होताच. पुण्यात ‘ळ’वर होता, गावात ‘पुण्याचा साहेब’ या पदावर. भाषेचं दुखणं खोटं नव्हतं. पण माझा भित्रेपणा मी कितीतरी वर्षं त्या दुखण्याच्या नावावर खपवत होतो. हे कळलं त्या रात्री फार काही हलकं-बिलकं वाटलं नाही. वैताग आला.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. ‘खरं स्व’ आणि ‘खोटं स्व’ ही भाषा १९६०च्या एका लेखात त्यांनी मांडली, आणि आज त्या शब्दांचं जे लोणचं घातलं जातं त्याच्याशी मूळ म्हणण्याचा फारसा संबंध उरलेला नाही. त्यांच्या मते खोटं स्व हा शत्रू नसतो. आतल्या नाजूक गोष्टीची राखण करायला ते उभं राहिलेलं असतं. धडधाकट माणसातही ते असतं, शिष्टाचार म्हणून, चारचौघांत मनातलं सगळं भडाभडा न बोलण्याची समज म्हणून. अडचण तेव्हा होते जेव्हा राखणदारच मालक होऊन बसतो. हे वाचल्यावर मला माझ्या चौकीदाराची थोडी कीवच आली. अठरा वर्षांच्या एका पोराने मेसच्या टेबलावर त्याला कामाला ठेवलं होतं आणि नंतर कुणी त्याला सुट्टी दिलीच नव्हती.

तर तुमच्याबद्दल. तुमच्या तिघींपैकी एकीला हाकलून द्यायच्या भानगडीत पडू नका. आईसमोर एक आणि मैत्रिणींसमोर दुसरी, हे ढोंग नाही. प्रत्येक घरात, प्रत्येक भाषेत हे चालतं. मला तुमच्या प्रश्नातला एकच शब्द खटकला, ‘आज्ञाधारक’. ‘वात्रट’ तुम्ही गमतीने लिहिलंय, ‘तडफदार’ किंचित अभिमानाने, पण ‘आज्ञाधारक’ लिहून पुढे तीन टिंबं दिली आहेत. त्या टिंबांत काय आहे ते मला माहीत नाही. सोमवारी सकाळी करायचं काय, असं विचारता ना? एक वही घ्या आणि त्या टिंबांच्या जागचं वाक्य लिहा. ते कुणाला ऐकवायचं की नाही हा पुढचा प्रश्न. मी भावाला “कागद दाखव” म्हणायला त्यानंतर दीड वर्षं घेतलं. त्याने दाखवले. हिशेबात गफलत नव्हती, उलट त्याच्यावर कर्ज होतं आणि तोही मला “मस्त चालू हाये” म्हणत होता. घराण्याचाच गुण दिसतो.

मायला २००९ चं सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “मले माहीत व्हतं. सर्दी पाच महिने राह्यते काय?”

आता घरी दौंडची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुलगी तेरा वर्षांची आहे, पुण्यात जन्मलेली, तिचा ‘ळ’ निर्दोष. मी साहेबांचा फोन घेतला आणि पाठ ताठ झाली की ती सोफ्यावरून नुसतं म्हणते, “दौंड.” परवा सोसायटीच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो, घसा साफ केला, “सन्माननीय सभासदहो” म्हणालो, तर शेजारून तेच ऐकू आलं. हसू दाबता दाबता पुढचं वाक्य विसरलो. मग उरलेलं प्रमाण मराठीतच बोललो. पार्किंगचा ठराव होता, त्यात वऱ्हाडीचं काही काम नव्हतं. पण मध्येच सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून नियमांची फाईल शोधायला लागले, आणि माझा हात आपोआप माझ्या चष्म्याकडे गेला. सतराशे साठ विघ्नं असलेली ती सभा त्या दिवशी जरा लवकर संपली.