एपिड्युरल दिल्यावर ऑपरेशनमध्ये शुगर का कमी चढते?

ताई, सासूबाईंना डायबेटिस आहे, पोट उघडून गर्भपिशवी काढायची आहे, नाशिकरोडच्या भूलतज्ज्ञांनी एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ सुईने बारीक नळी बसवून तिच्यातून भूल देणं) सुचवलंय आणि ‘पाठीतल्या सुईचा शुगरशी काय संबंध?’ असं तुम्ही विचारलंय. संबंध आहे, चांगलाच आहे.

पूर्ण भूल दिली की पेशंट झोपतो, पण शरीराला चीर कळतेच. जखमेचे निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातात, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि किडनीवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन ओततात. मग लिव्हर साखर बाहेर काढतं आणि इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. हाच ऑपरेशनचा ताण. म्हणून उपाशीपोटी आलेल्या पेशंटचीही शुगर टेबलावर चढते, आणि सिन्नर-निफाडहून आलेले नातेवाईक मला विचारतात, ‘सलाईनमधून साखर दिली का हो?’

एपिड्युरलमधलं बधिर करणारं औषध वर जाणारे निरोप अडवतं आणि अ‍ॅड्रेनलकडे येणाऱ्या सिंपथेटिक नसाही (ताणाच्या वेळी शरीराला चेतवणाऱ्या) गप्प करतं, म्हणून शुगर कमी चढते. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांच्या गटाने १९७० च्या दशकात हे दाखवलं, तेही गर्भपिशवीच्याच ऑपरेशनांत.

मात्र भूल चीर देण्याआधीच चढलेली हवी, आणि थेट स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत. बेंबीपर्यंतच बधिर झालं तर हार्मोन बऱ्यापैकी उसळतात. मी बर्फाचा बोळा पोटावरून वर सरकवत ‘इथे गार लागतंय का मावशी?’ विचारत जातो, ते यासाठीच. ऑपरेशननंतरही नळीतून औषध २४ ते ४८ तास चालू ठेवलं तर फायदा टिकतो. नळीतून नुसतं मॉर्फिन दिलं तर दुखणं छान थांबतं, हार्मोनवर मात्र तेवढा परिणाम होत नाही.

‘ताण शून्य’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जखमेतून रक्तात उतरणारी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं नसांच्या वाटेने जातच नाहीत, त्यामुळे सूज आणि सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) वाढायचे ते वाढतात. जठरासारख्या वरच्या पोटाच्या ऑपरेशनांत तर कॉर्टिसॉलही नीट दबत नाही.

तुम्ही एवढं करा: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नळी किती वेळ ठेवणार ते विचारा. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देणार का, तेही विचारा, कारण त्याने शुगर वाढते. आणि ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं तर एपिड्युरलचा हट्ट धरू नका, तिथे बहुतेकदा त्याची गरज पडत नाही.