छोट्या चार्टर कंपनीचं सेफ्टी आणि मेन्टेनन्स रेकॉर्ड बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की छोटी कंपनी आहे, तीन विमानं आहेत, "१० वर्षांत एकही अपघात नाही" असं सांगतायत, तर त्यावर भरवसा ठेवून चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने, घ्यावं का. मी अशाच एका कंपनीत काही वर्षं टेक्निकल रेकॉर्ड्स सांभाळायचो, नाव सांगत नाही, म्हणजे इंजिनिअरने सही केलेली पानं फायलीला लावायची, उड्डाणाचे तास आणि सायकल (एक टेकऑफ-लँडिंग म्हणजे एक सायकल) मोजायच्या, कुठल्या पार्टची लाइफ कधी संपतेय ते बघायचं, असलं काम. त्या अनुभवावरून सांगतो, ते १० वर्षांचं वाक्य ऐका आणि सोडून द्या.

गणितच करा ना. छोट्या कंपनीचं एक विमान वर्षाला ३०० तास उडतं असं धरा, तीन विमानं, १० वर्षं, झाले ९,००० तास. एअरलाइनचं एकच विमान एवढे तास साधारण तीन वर्षांत उडतं. तेवढ्यात काही झालं नाही यात कौतुक कसलं, निष्काळजी माणसाचंसुद्धा तेवढं निभावून जातं.

खरं काय ते टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत असतं. उडताना काही बिघडलेलं दिसलं की पायलटने त्यात लिहायचं, त्याला आम्ही स्नॅग म्हणतो, आणि एकदा लिहिलं की इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान पुढे जात नाही. आता गंमत बघा, मी नवीन होतो तेव्हा जुनी पानं चाळत बसलो होतो तर सगळे स्नॅग शेवटच्या लेगला, म्हणजे फेरीच्या शेवटच्या टप्प्याला. जाताना निल, म्हणजे काही नाही, तिथून पुढे निल, आणि बेसला, आपल्या घरच्या विमानतळावर, परत उतरलं की एकदम चार ओळी, डाव्या जनरेटरचा लाइट मधेच लागतो, ब्रेक मऊ लागतोय, वगैरे. विमान काय घरी आल्यावरच आजारी पडतं का? बाहेर कुठे लिहिलं तर विमान तिथेच अडकणार, पॅसेंजर बोंबलणार, मालकाचा फोन येणार, म्हणून पायलट लोक चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि घरी आल्यावर लॉगमध्ये उतरवायचे. एका कॅप्टनच्या खिशातली चिठ्ठी मी स्वतः बघितलीय, हॉटेलच्या पॅडचा कागद, चुरगळलेला, वर तारीख दोन दिवस आधीची. म्हणजे त्या मऊ ब्रेकवर मधल्या तीन लँडिंग झालेल्या.

दुसरं म्हणजे एमईएल. काय काय बंद असताना किती दिवस उडायला परवानगी आहे याची ती यादी, बी कॅटेगरीला ३ दिवस, सीला १०, डीला १२०. हे सगळं नियमातलंच आहे, घाबरायचं कारण नाही. घोळ कधी होतो, तर दहाव्या दिवशी दुसऱ्या विमानाचा चांगला पार्ट काढून इकडे लावतात, इकडचा बिघडलेला तिकडे, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला मोकळे! कागद बघणाऱ्याला दोन्ही विमानं मुदतीतच दिसतात.

बरं, ऑडिटची सर्टिफिकेटं बघून खूश होऊ नका. २०१४ मध्ये अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जी-फोर बिझनेस जेट टेकऑफलाच धावपट्टीबाहेर गेलं आणि आतले ७ही जण गेले. कंट्रोल्सना वाऱ्यापासून धरून ठेवणारं गस्ट लॉक काढायचंच राहिलं होतं. ते चार्टर नव्हतं, मालकाचं स्वतःचं होतं, पण ऑडिटचं सर्टिफिकेट होतं, आणि विमानातला रेकॉर्डर वाचल्यावर कळलं की आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोल्सची पूर्ण तपासणी केलेलीच नव्हती. नेहमीचंच होतं ते, त्या दिवशी फक्त नडलं.

चार्टर चालवायचं परमिट कोणाचं हे मात्र नक्की विचारा. ब्रोकर एका नावाने विकतो, विमान दुसऱ्याचं, परमिट तिसऱ्याचं, असं सर्रास चालतं. २००५ मध्ये अमेरिकेतच टेटरबोरोला एक चॅलेंजर जेट टेकऑफला नाक उचलेना म्हणून धावपट्टी सोडून थेट रस्ता ओलांडून गोदामात घुसलं. इंधन भरून पुढचा भाग मर्यादेपेक्षा जड झाला होता. नशीब, कोणी मेलं नाही. चालवणाऱ्या कंपनीकडे स्वतःचं चार्टर सर्टिफिकेट नव्हतंच, दुसऱ्याच्या नावावर धंदा चालला होता, पुढे कंपनी चालवणाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं. म्हणून विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर घ्या आणि तो नंबर त्या परमिटवर आहे का ते लेखी मागा, शक्य असेल तर रेग्युलेटरकडूनच, म्हणजे परमिट देणाऱ्या सरकारी खात्याकडूनच खात्री करा. चांगली कंपनी तासाभरात पाठवते.

टेक लॉग तुम्हाला कोणी दाखवणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. पण एक प्रश्न विचारा, गेल्या वर्षभरात स्नॅगमुळे तुम्ही किती फ्लाइट कॅन्सल केल्या किंवा लांबवल्या? "पाच-सहा वेळा, एकदा तर पॅसेंजर बसलेले असताना उतरवले" असं उत्तर आलं तर मी त्या विमानात बसेन. आमच्याकडे कोणी विचारलं असतं ना, तर सेल्सवाल्याने छाती फुगवून सांगितलं असतं, एकदाही नाही.