पेनड्राइव्हवरून चालणारा सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमचा आंबा कॅनिंगचा लहान कारखाना आहे. कार्यालयातील एकमेव सर्व्हरवर ईएसएक्सआय ६.७ (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) असून ते आतल्या यूएसबी पोर्टमधील पेनड्राइव्हवरून सुरू होते, तर हिशेबाची आणि साठ्याची व्हर्च्युअल मशीन रेड कार्डाला (अनेक डिस्का एकत्र हाताळणाऱ्या कार्डाला) जोडलेल्या हार्ड डिस्कांवर आहेत. मे महिन्यात पडद्यावर सूचना आली की बूट साधनाशी (यंत्र ज्यावरून सुरू होते त्या पेनड्राइव्हशी) संपर्क तुटला असून सेटिंगमधील बदल साठवले जाणार नाहीत. काम मात्र सुरळीत चालू होते आणि ऐन हंगाम होता, म्हणून आम्ही हात लावला नाही. जूनच्या पहिल्या वादळात रात्रभर वीज गेली आणि सकाळी सर्व्हर सुरूच झाला नाही. आमचा डेटा गेला का? आता नवा पेनड्राइव्ह घेऊन थेट आवृत्ती ८ घालावी का?

उत्तर : आपला डेटा गेलेला नसावा, हे सर्वप्रथम सांगतो. व्हर्च्युअल मशीनच्या फायली हार्ड डिस्कांवर आहेत आणि पेनड्राइव्ह निकामी झाल्याने त्यांना धक्का लागत नाही. म्हणूनच पुढचे काही दिवस कोणीही, कितीही आत्मविश्वासाने सांगितले, तरी त्या डिस्का फॉरमॅट करू देऊ नका आणि रेड कार्डावरील मांडणी बदलू देऊ नका.

पेनड्राइव्ह मेल्यावरही सर्व्हर महिनाभर चालला, याचे कारण ईएसएक्सआयच्या रचनेत आहे. सुरू होताना हे हायपरवायझर (आभासी संगणक चालवणारी प्रणाली) आपला सगळा पसारा पेनड्राइव्हवरून वाचून मेमरीत उतरवते आणि नंतर मेमरीतूनच चालते. ६.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्यानंतर पेनड्राइव्हकडे फारसे जाणे होत नसे. दर तासाला सेटिंगची एक छोटी संकुचित फाइल तेवढी तिथे लिहिली जाई. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या सर्व्हरच्या नोंदीही, वेगळी जागा नेमून दिली नसेल तर, मेमरीतच राहत आणि सर्व्हर बंद झाला की पुसल्या जात. थोडक्यात, पेनड्राइव्हचे काम दाराच्या किल्लीसारखे होते. आपली किल्ली मे महिन्यातच मोडली होती, पण दार उघडे असल्याने ते जाणवले नाही. ती सूचना दिसली त्या दिवशी यंत्र चालू स्थितीतच नेटवर्कची सेटिंग कागदावर उतरवून घेतली असती आणि व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतला असता, तर जूनमधली ती सकाळ इतकी अवघड गेली नसती. हंगामात यंत्राला हात लावण्याची भीती मी पूर्णपणे समजू शकतो, परंतु बॅकअप घेण्यासाठी यंत्र बंद करावे लागत नाही.

आता करायचे काय? जुना पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तो वाचता येत असेल, तर त्याची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा; सेटिंगची शेवटची साठवलेली फाइल तिच्यात मिळेल. त्यानंतर नवा, चांगल्या प्रतीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर आधीचेच ६.७ बसवा. बसवताना हार्ड डिस्का काढून ठेवा. म्हणजे चुकून त्यांच्यावर बोट पडण्याचा प्रश्नच उरणार नाही. मग यंत्र बंद करून डिस्का त्याच क्रमाने परत लावा, सुरू केल्यावर डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या फायलींचे कोठार) दिसते का ते पाहा आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या फोल्डरमधील व्हीएमएक्स फाइल (त्या मशीनची मांडणी नोंदवणारी) निवडून त्याची नोंदणी करा. सुरू करताना 'हे मशीन हलवले की त्याची नक्कल केली' असे विचारले गेले, तर 'हलवले' निवडा.

थेट आवृत्ती ८ वर उडी घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगतो. आवृत्ती ७ पासून जुन्या पद्धतीचे लिनक्सवर बेतलेले ड्रायव्हर (कार्डे चालवणारे छोटे प्रोग्राम) काढून टाकले गेले आहेत, त्यामुळे काही जुनी रेड कार्डे आणि नेटवर्क कार्डे नव्या आवृत्तीला दिसतच नाहीत. डिस्का सुस्थितीत असूनही डेटास्टोअर दिसले नाही, की माणूस घाबरतो आणि घाबरून रेड कार्डावरील मांडणी नव्याने करतो. खरा डेटा तिथे जातो. म्हणून आधी ६.७ वर काम सुरू करा, सर्व मशीनचा बॅकअप घ्या, आणि प्रोसेसर व रेड कार्ड नव्या आवृत्तीच्या सुसंगत यादीत आहेत की नाहीत हे तपासा. ६.७ ला नेहमीचा पाठिंबा १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपलेला असल्यामुळे तिथे कायमचे थांबणे मात्र योग्य नाही.

नव्या आवृत्तीसाठी पेनड्राइव्ह का नको, याचे उत्तर लिहिण्याच्या प्रमाणात आहे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आवृत्ती ७ मध्ये बूट साधनाची मांडणी बदलली आणि नोंदी, बिघाडाच्या वेळची मेमरीची छबी व तात्पुरत्या फायली हे सारे 'ओएसडेटा' या एकाच मोठ्या विभागात गेले, ज्यावर यंत्र अखंड लिहीत राहते. फ्लॅश मेमरीत (पेनड्राइव्ह आणि एसएसडी दोन्ही तिच्यावरच चालतात) थोडासा मजकूर बदलायचा तरी मोठा खंड पुसावा लागतो आणि प्रत्येक खंड ठरावीक वेळाच पुसता येतो. एसएसडीतील नियंत्रक ही झीज सगळ्या खंडांवर वाटून देतो आणि आपली प्रकृती कळवतोही. साध्या पेनड्राइव्हमध्ये आणि कॅमेऱ्याच्या कार्डामध्ये ही सोय तुटपुंजी असते, आणि ती बहुधा काहीही न कळवता बंद पडतात. ईएसएक्सआयच्या निर्मात्यांनी ओएसडेटासाठी सुचवलेले माप १२८ टेराबाइट लेखनाची सहनशक्ती आणि सेकंदाला किमान १०० मेगाबाइट सलग लेखन असे आहे, तर बूट डिस्क किमान ३२ गिगाबाइटची हवी. आवृत्ती ८ मध्ये पेनड्राइव्हवर फक्त बूटचा भाग ठेवून ओएसडेटा दुसऱ्या टिकाऊ डिस्कवर ठेवण्याची मुभा आहे, पण दोन साधने सांभाळण्यापेक्षा १२८ किंवा २५६ गिगाबाइटची एक एसएसडी बूटसाठी घ्यावी. कॅनिंगच्या महिन्यात एक दिवस काम थांबले तर होणाऱ्या नुकसानीपुढे तिची किंमत अगदी किरकोळ आहे.

एक सावधगिरी : आवृत्ती ७ च्या दुसऱ्या अद्यतनापासून सेटिंग कूटबद्ध करून साठवली जाते. सर्व्हरमध्ये टीपीएम चिप (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) चालू असेल, तर पुनर्प्राप्तीची किल्ली आधीच काढून कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : वेंगुर्ले येथील शाळेत जुन्या संगणकावर मुलांना प्रॉक्समॉक्स (ईएसएक्सआयसारखीच आभासी संगणक चालवणारी प्रणाली) शिकवायचे आहे. ते पेनड्राइव्हवरच बसवले तर चालेल का? डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत) पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण संगणक त्यावरून सुरू होत नाही.

उत्तर : आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, ती रुफससारख्या साधनाने 'डीडी' पद्धतीने, म्हणजे जशीच्या तशी, पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. असा पेनड्राइव्ह प्रॉक्समॉक्स बसवण्यापुरता उत्तम आहे. ती प्रणाली कायम त्यावरून चालवणे मात्र वेगळे. प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारलेले असून, ईएसएक्सआयसारखे मेमरीत उतरून बसत नाही. ते आपली मांडणी एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि आलेखांची आकडेवारी व नोंदी सतत लिहीत राहते. संगणकातील जुनी हार्ड डिस्क चालू असेल, तर तीच वापरा. वेग कमी असला तरी मुलांचे शिकणे अडणार नाही.

प्रश्न : मालवणच्या खाऱ्या हवेत यूएसबीची टोके गंजतात. राखीव पेनड्राइव्ह कसा ठेवावा?

उत्तर : सर्व्हरच्या दर्शनी पोर्टपेक्षा आतला पोर्ट वापरा आणि मध्ये लांबणीची वायर घालू नका. राखीव पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि दरवर्षी मृग लागण्यापूर्वी एकदा त्यावरून यंत्र खरोखर सुरू करून पाहा. फ्लॅश मेमरीतील विद्युत्‌भार वर्षानुवर्षे पडून राहिल्यास, विशेषतः उकाड्यात, हळूहळू गळतो. त्यामुळे सेटिंगची प्रत केवळ त्याच पेनड्राइव्हवर न ठेवता दुसऱ्या संगणकावरही ठेवा, आणि आयपी पत्ते व आभासी स्विचांची नावे लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सर्व्हरपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा.