मुलीला उपग्रह बनवायचेत, ब्रँच कोणती घ्यावी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीएमच्या सीईटीला पर्सेंटाइल चांगले आहेत. नातेवाईक म्हणतात, लातूरला ठेवून नीटची तयारी करून घ्या. तिला मात्र उपग्रह बनवायचेत. एका खासगी विद्यापीठात ‘स्पेस’चा कोर्स आहे, पण फीसाठी शेत गहाण ठेवावं लागेल. कॉलेजात खरंच उपग्रह बनतात का? पुढे नोकरीचं काय?
– एक पालक, उदगीर तालुका

सप्रेम नमस्कार.

शेत गहाण ठेवू नका. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

कॉलेजात उपग्रह खरंच बनतात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमधून अवकाशात गेला. वजन साधारण एक किलो, प्रत्येक बाजू 10 सेंटिमीटर. हे माप अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी 1999 मध्ये ठरवलं आणि खर्च आवाक्यात आला. मोठ्या उपग्रहासोबत उरलेल्या जागेत असा ठोकळा बसतो, आतले बरेच भागही बाजारात मिळतात. वीज मात्र जेमतेम दोन-एक वॅट. मग दिशा राखायला मोटर कुठून चालवणार? ‘स्वयम्’मध्ये कायमचं चुंबक बसवलं होतं. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतं आणि उपग्रहाचं डोलणं खास धातूच्या कांड्या थांबवतात, हिस्टेरेसिसमुळे, म्हणजे कांडीचं चुंबकत्व बदलताना डोलण्याची ऊर्जा खर्ची पडते म्हणून. वीज शून्य! हा धडा तुमच्या मुलीने बारावीच्या फिजिक्समध्ये वाचलाय. तिला विचारून बघा, ती तुम्हाला समजावून सांगेल.

पण घाई नको. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’चं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि तो उडाला 26 सप्टेंबर 2016 रोजी. ज्यांनी सुरुवात केली, ती मुलं तोवर कधीच पास होऊन गेली होती. म्हणून नीट सोल्डरिंग करणं, प्रत्येक चाचणीची नोंद ठेवणं, पुढच्या बॅचला कळेल असं लिहून ठेवणं, हेच माझ्या मते यातलं खरं शिक्षण आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या सर्टिफिकेटने ते येत नाही.

आता ब्रँच. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएनटीसी. इस्रोची इंजिनिअर भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर या शाखांतून होते, ‘स्पेस’ नावाची पदवी लागत नाही. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी यादीत वर ठेवा. सीओईपी मिळण्याइतके पर्सेंटाइल असतील तर ते सगळ्यात वर.

नोकरीचं स्पष्ट सांगते : निव्वळ उपग्रहांच्या जागा अजून थोड्या आहेत. पण वाढताहेत. हैदराबादच्या ध्रुव स्पेसचे दोन छोटे उपग्रह नोव्हेंबर 2022 मध्ये पीएसएलव्हीतूनच गेले, आणि उदगीरहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ! तिथे नाही जमलं तरी ईएनटीसीवाल्याला बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्र मोकळं असतंच.

आणि कॉलेजात उपग्रहाची लॅब नसली तर? अडत नाही. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना तिने काढावा. त्याची परीक्षा केंद्राचा दूरसंचार विभाग घेतो. दोन-चार हजारांत संगणकाला लावायचा रिसीव्हर मिळतो, अँटेना तारेची घरी होते. गच्चीवर बसून डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा सिग्नल पकडायचा. तो जवळ येताना फ्रिक्वेन्सी वर असते, लांब जाताना खाली घसरते आणि साधारण दहा-बारा मिनिटांत सगळं संपतं. हे जिने स्वतः केलंय, तिला फिजिक्समधला हा डॉप्लर परिणाम पाठ करावा लागत नाही.

नीट? तिला डॉक्टर व्हायचं नसेल तर तो विषय बंद करा.

शेवटी फी. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल, तर कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण फी 2024-25 पासून शासन पूर्ण भरतं. इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणि जातीची किंवा ईडब्ल्यूएसची कागदपत्रं याच आठवड्यात तहसीलला टाका. ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे फार गर्दी होते.